धुराचे गाळणे

"फडकं पांढरंच आहे," मी म्हणाले आणि ते त्रिशलेसमोर धरले. "नीट पाहा. आणि मग तुझी ही पेटी खाली घेऊन जा."

त्रिशला, कॉलेजात विज्ञान शिकवणारी माझी सून, आमच्या सायझिंग कारखान्याच्या गच्चीवर गुडघे टेकून एका करड्या पेटीचे तीन पाय पक्के करीत होती. तिने मान वर केली, फडके पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली.

"पांढरं आहे, आई. पेटी एकच दिवस राहील. उद्या याच वेळेला काढते."

"कॉलेजात दुसरी गच्ची मिळाली नाही तुला?"

"गच्च्या पुष्कळ आहेत. चिमणीला लागून असलेली माझ्या घरची ही एकच."

माझ्या घरात मला अशी उत्तरे देणारी ती एकटी. तिची ही गोष्ट मला मनातून आवडत असे. ते तिला कळू न देण्याची खबरदारी मी आजवर घेतली आहे.

या गोष्टीला आता तेरा वर्षे होतील. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होते आणि इचलकरंजीतली आमची सायझिंग हे गेल्यापासून मीच चालवीत होते. मागावर चढण्याआधी सुताला खळ पाजून, वाफेवर वाळवून, त्याला ताणाला टिकेल असा कस द्यायचा, हे आमचे काम. वाफेसाठी बॉयलर हवा आणि बॉयलरला भट्टी. छत्तीस वर्षे त्या भट्टीत कोळसा जळला. आमच्या चिमणीचा काळा पट्टा नदीच्या घाटावरून दिसत असे, आणि मकर संक्रांतीच्या सुमारास वारा फिरला की गल्लीतल्या बायका दोऱ्यांवरची धुणी काढून आत पळत.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही कोळसा सोडला. गावातल्या अठरा सायझिंगांची मोट बांधायला पुण्याचा एक सल्लागार आला होता. कोळशाऐवजी उसाची चिपाडे आणि लाकडाचा भुसा दाबून केलेल्या विटा जाळायच्या; बाजारात त्याला पांढरा कोळसा म्हणतात. ऊस वाढताना हवेतून जेवढा कार्बन घेतो तेवढाच जळताना परत देतो, म्हणून त्याची नोंद शून्य. आपण जो कार्बन सोडला नाही त्याचे एक पत्र तयार होते. सगळे त्याला कार्बन क्रेडिट म्हणत. दूरदेशीचा एखादा कारखाना, ज्याला आपला धूर इतक्यात आवरता येत नाही, तो ते पत्र विकत घेतो. न केलेल्या गोष्टीला गिऱ्हाईक मिळते हे मला प्रथम चमत्कारिक वाटले. पण आमचे जैनांचे घर. न खाणे, न तोडणे, न दुखवणे यांना मोल असते हे मला लहानपणापासून शिकवलेले होते. मी होकार दिला. माझ्यामागे बाकीचे सतराजण आले.

आणि काळा पट्टा खरोखरच गेला. चिमणीच्या तोंडाशी कधी पांढुरकी वाफ दिसे, कधी तीही नाही. बायका दुपारभर धुणी बाहेर ठेवू लागल्या. मी त्यावर एक कसोटी लावली. आमच्याकडे पाणी दुहेरी फडक्याने गाळल्याखेरीज पीत नाहीत. गाळून झाले की फडके उलटे करायचे आणि त्याच विहिरीच्या पाण्यात हलक्या हाताने विसळायचे. त्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत. तसेच एक नवे फडके मी गच्चीवरच्या दोरीला चिमणीच्या वाऱ्यात बांधायला लावले. रोज सकाळी मी देवळातून परत आले की भट्टी सांभाळणारा आमचा फायरमन नबीलाल ते उतरवून, घडी घालून माझ्या हाती देई आणि मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ते उलगडून पाही. गल्लीही पाही.

ते डिसेंबरचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, पुण्याहून पडताळणीचे अधिकारी येणार होते. त्यांच्या सहीनंतरच अठरा जणांची पत्रे विक्रीला निघणार होती.

मी गच्चीवरून खाली आले तेव्हा नबीलाल भट्टीच्या दाराशी बसून विटा मोजीत होता. मला पाहून उठला, आणि उठताना त्याला खोकला आला. तो भिंतीकडे तोंड करून खोकला, बराच वेळ.

"सर्दी अजून गेली नाही?" मी विचारले.

"सर्दीच हाय, अक्का. थंडी लई पडलीया."

"तुळशीचा काढा देते सकाळ-संध्याकाळ, तो ओततोस कुठं?"

"भट्टीत वततो. भट्टीला बी सर्दी हुती, ती गेली."

नबीलाल मुल्लाणी आमच्याकडे आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. माझ्या मालकांनी त्याला भट्टीवर घेतले आणि परवाना काढायला स्वतः कोल्हापूरला घेऊन गेले. हे गेले त्या दिवशी साऱ्या गावात काम बंद होते. एकटा नबीलाल भट्टीपाशी बसून होता, कारण बॉयलर एकदम विझवला तर नळ्या तडकतात. अशा माणसाला मी काय म्हणून नोकर म्हणावे.

"आनि अक्का, त्या रजेचं," तो म्हणाला.

"कोणती रजा?"

"रजा कसली, सुट्टीच म्हना. एक तारखेपासनं मला मोकळं करा. शमशाद मिरजेला बोलावतीया. जावई म्हनतो, आता बसून खावा."

"तुझ्या मुलीला सांग, अक्का नाही म्हणाल्या."

"म्हनलो. ती म्हनली, तुमच्या अक्काला फोन लावून द्या."

"लाव. मी बोलते तिच्याशी. पाच वर्षांची होती तेव्हा माझ्या मांडीवर बसून लाडू खायची, त्याची आठवण करून देते तिला."

तो हसला आणि हसण्यातूनच पुन्हा खोकल्यात गेला. मला त्याचा राग आला. छत्तीस वर्षे काळा धूर गिळताना ज्याने कधी निघायचे नाव काढले नाही, तो आता, चिमणी स्वच्छ झाल्यावर, निघायचे म्हणत होता. मी त्याला तसे बोलूनही दाखवले. खाली वाकून त्याने विटा मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशला गच्चीवरून खाली आली ती एक चपटी डबी दोन्ही हातांत धरून. ओसरीवर बसून तिने चिमट्याने आतला कागद काढला. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, गोल.

"काल हा फडक्याइतकाच पांढरा होता," ती म्हणाली.

आता तो करडा होता; करड्यात थोडी तपकिरी छटा. कडेची एक बारीक गोल रेघ, जिथे तो चौकटीत धरला होता, तेवढीच पांढरी राहिली होती.

"गच्चीवर धूळ असते," मी म्हणाले.

"पेटी दिवसभर हवा ओढते; जाड धूळ तिच्या तोंडाशीच अडते. हा कागद फक्त बारीक धरतो. इतकी बारीक की हवेतून खाली पडतच नाही, तरंगत राहते. नाकात अडत नाही, घशात अडत नाही. थेट छातीत जाते." तिने दुसरी डबी उघडली. त्यातला कागद काळाभोर होता. "हा दोन वर्षांपूर्वीचा. कोळशाच्या वेळचा, याच गच्चीवरचा. रंग बघा, केवढा फरक आहे. पण वजनात फारसा नसणार. कोळसा गेला म्हणून काजळी गेली, गंधकाचा वास गेला, ते खरंच झालं. तुम्ही चांगलंच केलंत, आई. पण भुशाचा धूरही बारीक असतो. तो दिसत नाही, एवढंच."

"आणि माझं फडकं?"

"फडक्याची वीण..." तिने चिमटा खाली ठेवला. "तुम्ही नुसत्या बोटांनी सुताचा काउंट, किती बारीक ते, सांगता. तुम्हीच सांगा, साठच्या सुताच्या विणीतून काय काय जाईल?"

"पडताळणीच्या आदल्या दिवशी तू हे माझ्यासमोर मांडतेस."

"यंत्र कालच मिळालं. आई, आपण पाणी गाळतो ते न दिसणाऱ्या जिवांसाठीच ना?"

सुनेने सासूला धर्म शिकवावा असा तो काळ नव्हता आणि तशी मीही नव्हते. मी तिला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. तिने दोन्ही डब्या मिटल्या, माझ्या तांब्याशेजारी ठेवल्या आणि कॉलेजला निघून गेली. मी देवळातून आलेलीच होते. नबीलाल दारात घडी घेऊन उभा होता. त्याने सगळे ऐकले असणार. त्याने फडके माझ्या हातात दिले आणि मागे वळून न पाहता गेला.

फडके पांढरे होते. मी ते मांडीवर पसरले. बोटे त्यावरून फिरवली, सवयीने, जशी मी कोणत्याही कापडावरून फिरवते. आणि माझी बोटे थांबली.

फडके ऊबदार होते.

ते रोजच ऊबदार असे. इतक्या दिवसांत मला त्याचे काही वाटले नव्हते. पण त्या सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर दव होते, माझ्या पदराची कड ओली झाली होती, आणि हे फडके म्हणे रात्रभर उघड्या गच्चीवर होते. दवात राहिलेले सूत कसे लागते ते मला सांगायला कुणाची गरज नव्हती. ते गार लागते, जड लागते, बोटांना किंचित चिकटते. हे कोरडे होते, कुरकुरीत होते. नाकाशी नेले तर त्याला साबणाचा अगदी पुसट वास होता. माझ्या बोटांना हे महिनोन् महिने ठाऊक होते. मीच त्यांना विचारले नव्हते.

सूर्यास्ताआधी जेवायला बसले, तेव्हा त्रिशलेने दोनदा वाढू का विचारले आणि दोन्ही वेळा मी मान हलवली. ती समजली असेल की मी अजून रागावले आहे. मी तिला तसे समजू दिले.

गुरुवारी मी देवळात गेले नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून आजारपणाखेरीज असे कधी झाले नव्हते. उजाडताना शाल घेऊन मी मागच्या दाराने सायझिंगच्या अंगणात उतरले. बॉयलरमागे गरम पाण्याचा एक नळ आहे, तिथे पाण्याचा आवाज येत होता.

नबीलाल उकिडवा बसून फडके धूत होता. हळुवारपणे, लहान मुलाचे तोंड धुवावे तसे. मग त्याने ते पिळले, झटकले आणि वाफेच्या नळीवर पसरले. नळीवर आधीच एक जागा लख्ख पुसलेली होती, फडक्याच्या रुंदीची.

"नबीलाल."

तो दचकला नाही. आधी नळ बंद केला, मग वळला.

"देवळात न्हाई गेला आज?"

"ते दे इकडं."

"वलं हाय, अक्का."

"ओलं आहे म्हणूनच दे."

त्याने दिले. मी उलगडून पाहिले. मधला भाग स्वच्छ झाला होता, पण शिवणीत, जिथे साबण पोहोचला नव्हता, तिथे करडी रेघ होती. त्रिशलेच्या कागदाचाच रंग.

"कधीपासून?"

"गणपतीपासनं." तो खाली पाहत म्हणाला. "पैले तीन-चार म्हैने पांढरंच ऱ्हायलं, खोटं न्हाई बोलत. मग पावसाळ्यात वलसर विटा आल्या आनि जरा राखट दिसाय लागलं. बगितल्यावर दिसंल न दिसंल असं. त्या दिवशी तुमी गल्लीत बायकांना गोळा करून सांगत हुता, माझं फडकं बगा म्हून. मी हितंच हुतो. धुवून आनून दिलं. मग रोजच द्यावं लागलं."

"मला सांगायचंस."

"तुमाला?" त्याने वर पाहिले. त्याच्या डोळ्यांत थट्टा होती आणि थट्टेखेरीजही काही होते. "छत्तीस वर्सांत तुमाला कवा कुनी काय सांगितलंय, अक्का?"

मी शिवणीतल्या त्या रेघेवरून बोट फिरवले.

"आणि हा खोकला?"

"त्यो बी तवापासनंच जास्त झाला. कोळशाचा धूर कसा, डोळ्याला दिसायचा, तोंड फिरवता यायचं. ह्यो कुठनं येतोय कळतच न्हाई."

"मला सर्दी म्हणून सांगितलंस."

"सर्दी म्हनलं की तुमी काढा देता. धूर म्हनलो असतो तर भट्टी बंद केली असती. सतराजन तुमच्या तोंडाकडं बगून ह्यात आल्यात. त्या पत्राचं मातेरं झालं असतं आनि तुमची मान..." पुढे त्याला खोकला आला आणि वाक्य तिथेच राहिले.

"म्हणून तू गपचूप मिरजेला निघाला होतास."

"शमशाद म्हनती, तिकडं हवा बरी हाय."

मी फडक्याची घडी घातली. ओली, गार, जशी होती तशी.

"विटा टाकू नकोस," मी म्हणाले. "भट्टी हळूहळू उतरव. नळ्या सांभाळून."

"अक्का, साहेब यायचेत आज."

"येऊ देत. मी सांगते ते कर."

पडताळणीचे अधिकारी, नाडगौडा त्यांचे नाव, अकराला आले. पन्नाशीचे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी विटांच्या वजनाच्या नोंदी पाहिल्या, वाफेची वही पाहिली, विझत आलेली भट्टी पाहून भुवया उंचावल्या. सगळी सायझिंग पाहून झाल्यावर ते ओसरीवर बसले. त्रिशलेला मी कॉलेजातून बोलावून घेतले होते. ती खांबाला टेकून उभी होती. नबीलाल पायरीवर होता.

"नोंदी चोख आहेत, बाई," नाडगौडा म्हणाले. "अठरांत इतक्या नीट मी पाहिल्या नाहीत."

मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले, काळा आणि करडा, आणि त्यांच्याशेजारी ओले फडके. काय ते सांगितले. फडक्याचेही सांगितले, मात्र ते कुणी धुतले ते सांगितले नाही.

"तुमच्या अर्जात हे कुठं लिहायचं?" मी विचारले.

त्यांनी चष्मा काढला. "कुठंच नाही. खरं सांगतो. आमच्याकडं फक्त कार्बनचा रकाना आहे."

"का?"

"कार्बन इथं सोडला काय आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला सोडला काय, साऱ्या पृथ्वीला सारखाच. म्हणून तर त्याची देवघेव करता येते. तुम्ही न सोडलेला पत्र घेणाऱ्यानं सोडला, बरोबरी झाली. धुळीचं तसं नाही. ती जिथं सुटते तिथल्याच माणसांच्या वाट्याला येते. पुष्कळ ठिकाणी कार्बन कमी झाला की त्याच्याबरोबर धूळही कमी होते. काही ठिकाणी होत नाही. ते पाहणं माझ्या कामात येत नाही."

"म्हणजे जे विकता येतं ते गेलं. आणि हे घरात राहिलं."

"असंच म्हणावं लागेल."

"कार्बनच्या नोंदी खऱ्या आहेत?"

"पूर्ण खऱ्या."

"मग सही करा. खरं आहे त्याला मी नाही म्हणणार नाही. आणि पुढच्या तपासणीसाठी लिहून ठेवा, या सायझिंगची भट्टी आज बंद झाली. मी सांगेपर्यंत पेटणार नाही."

"बंद भट्टीला पत्र मिळत नाही, बाई."

"ते मला कळतं."

नाडगौडा गेले. आत बीमवर, मोठ्या रुळावर, चढवलेले सूत अर्धवट वाळून उभे होते. तीन कारखान्यांचे माग त्याची वाट पाहत होते. मी त्रिशलेकडे वळले.

"तुझ्या शास्त्रात याला उपाय असेलच. बोल."

"आहे," ती म्हणाली. "पिशव्या."

"कसल्या पिशव्या?"

"कापडाच्या. लांब, माणसाच्या उंचीच्या, ओळीनं टांगलेल्या. चिमणीत जाण्याआधी सगळा धूर त्यांच्यातून न्यायचा. दाट कापड असतं, बारीक धूळसुद्धा त्यात अडते."

"म्हणजे गाळणं."

"गाळणंच, आई."

"कापडाचं गाळणं. धुराला." मी दोघांकडेही पाहिले. "सुताच्या गावात जन्म गेला माझा, आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही?"

त्रिशलेने नबीलालकडे पाहिले. नबीलालने छताकडे पाहिले.

"मी सांगितली होती," त्रिशला म्हणाली. "कोळसा सोडला तेव्हाच. तुम्ही म्हणाला होता, आधी फडकं पाहू."

नबीलालच्या तोंडून एक आवाज निघाला. तो खोकला नव्हता. मी त्याच्याकडे रोखून पाहिले, पण मला स्वतःलाच हसू आवरेना, आणि मग त्रिशलाही हसली. त्या ओसरीवर हे गेल्यानंतर इतके मोठ्याने कुणी हसले असेल असे मला आठवत नाही.

पिशव्या यायला आणि बसायला सात आठवडे लागले. पहिल्या पत्रांचे जे आले ते सगळे त्यातच गेले. त्या सात आठवड्यांत तीन कारखान्यांचे सूत आम्ही दुसऱ्यांच्या सायझिंगला पाठवले. सतराजणांपैकी दोघे मला विचारायला आले, बाकीचे माझ्यामागे बोलले. ते मी ऐकून घेतले. ऐकून घेण्याचा मला सराव नव्हता, म्हणून त्या दिवसांत जेवण थोडे कमी जात असे.

एक तारीख येऊन गेली. नबीलाल गेला नाही. शमशादचा फोन आला तेव्हा मी घेतला. तिने मला पाच मिनिटे सुनावले आणि मी मध्ये बोलले नाही. शेवटी तीच म्हणाली, "अक्का, ऐकताय ना?" मी म्हणाले, "ऐकतेय, बाळ. महिनाभर थांब. तुझा बाप मी स्वतः पोहोचवते."

पिशव्या आल्या तेव्हा त्याने एक हातात घेऊन चिमटीत चुरगळून पाहिली. "हे विणलेलं न्हवं," तो म्हणाला. "दाबून केलंय, नमद्यासारखं." मीही पाहिली. त्याचे बरोबर होते.

भट्टी पुन्हा पेटली त्याच्या चौथ्या दिवशी पिशव्या पहिल्यांदा झटकून खालची राख काढली. नबीलाल ओसरीवर आला. त्याच्या हातात एक पुरचुंडी होती. ते जुने फडके त्याने यासाठी मागून नेले होते. त्याने माझ्यासमोर गाठ सोडली. आत मूठभर करडी भुकटी होती. मी चिमूट घेतली. खळीसाठी आम्ही मैदा चाळून घेतो तो याच्यापुढे रवा म्हणावा. ती बोटांवर आहे हे बोटांना कळतही नव्हते.

"अक्का," तो म्हणाला, "तुमच्यात गाळलेलं ज्या पान्यातलं त्याच पान्यात परत सोडत्यात न्हवं?"

"हो."

"मग ह्याला कुठं सोडू?" त्याने छातीवर हात ठेवला. "हितं तर आता जागा न्हाई."

तो हसत होता. मी पुरचुंडीची गाठ पुन्हा बांधली.

"हे माझ्याकडं राहील," मी म्हणाले. "आणि तू उद्या मिरजेला जायचंस. गाडी सांगून ठेवली आहे, मी बरोबर येते."

"आनि सकाळी फडकं कोन देनार तुमाला?"

"माझं मी घेईन."

नबीलाल त्यानंतर पाच वर्षे मिरजेला होता. दर दिवाळीला येई, भट्टीभोवती एक फेरी मारी, नव्या फायरमनला दोन शब्द ऐकवी आणि माझ्याकडून काढ्याची पुडी घेऊन जाई. तो ती कुठे ओतीत असे ते तो गेल्यावर शमशादने मला सांगितले.

त्याला पोहोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळातून आले आणि एकटी गच्चीवर चढले. दोरीला नवे फडके बांधलेले होते. ते दवाने ओले होते, जड होते, बोटे बधिर व्हावीत इतके गार होते. त्यावर किंचित राखट झाक होती. आमच्या चिमणीतून आता काही येत नव्हते. गावातल्या सतरा चिमण्या तशाच चालू होत्या. मी ते घेऊन खाली उतरले. धुतले नाही. गल्लीच्या तोंडाशी, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेच्या उंचीवर, होते तसेच वाळत घातले आणि शेजारी खुर्ची टाकून बसून राहिले.

दुपारपर्यंत पहिला सायझिंगवाला पिशव्यांबद्दल विचारायला आला.